बेंबोचा कांस्यपट आणि त्यावरील न वाचलेलीं अक्षरें

इटलींत तुरिन शहरीं मिसरी (ईजिप्ती) वस्तूंचें जें प्रसिद्ध संग्रहालय आहे, त्यांत काशाचा एक पट ठेवलेला आहे. लांबी सुमारें सव्वा मीटर, रुंदी सुमारें पाऊण मीटर. पृष्ठभागावर चांदीच्या व इतर धातूंच्या जडावानें उमटविलेल्या देवदेवतांच्या आकृति. कोणी त्यास ‘इसिसचें मेज’ म्हणतात, कोणी ‘बेंबोचा पट’. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो विद्वानांच्या दृष्टीस पडला, आणि तेव्हांपासून जवळजवळ तीनशें वर्षेंपर्यंत मिसर देशाच्या गूढ धर्मविद्येचा एक प्रमुख आधार म्हणून यूरोपांत त्याची ख्याति होती. आज आपणांस ठाऊक आहे कीं, हा फॅरो राजांच्या काळचा लेख नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन साम्राज्यांतील इसिसभक्तांसाठीं घडविलेल्या देवस्थानच्या सरंजामाचा तो एक भाग आहे, आणि त्यावर जी चित्रलिपि कोरली आहे तिच्यांतून वाचण्याजोगें एकहि वाक्य निघत नाहीं.

प्रस्तुत विषय दूरदेशींचा आहे हें खरें. तथापि जुनीं दप्तरें, ताम्रपट व नाणीं गोळा करणाऱ्या आमच्या वाचकांस या पटाची हकीकत परकी वाटणार नाहीं असें वाटतें. हातीं आलेल्या वस्तूवर अक्षरें दिसलीं कीं त्यांत मजकूर असलाच पाहिजे, या एका समजुतीनें केवढे विद्वान् कोठवर वाहवत गेले, आणि त्यांत सावधपणें उभा राहणारा एखादाच कसा निघाला, हें यांत पाहावयास सांपडतें.

प्रथम वस्तूचें वर्णन करूं. पटाचे आडवे तीन पट्टे पाडलेले असून सभोंवतीं लहान आकृतींची एक किनार फिरविलेली आहे. मधल्या पट्ट्याच्या ऐन मध्यभागीं एका स्तंभयुक्त मंडपिकेंत इसिस देवी सिंहासनावर विराजमान आहे. तिच्या मस्तकीं गाईच्या शिंगांमध्यें धरलेलें बिंब आहे. त्याच पट्ट्यांत दोहों अंगांस पवित्र बैल आहेत, ते आपिस व म्नेविस या नांवांनीं ओळखले जातात. अन्यत्र बगळ्यासारख्या इबिस पक्ष्याच्या मुखाचा थोथ, गुंडाळलेल्या शवाच्या रूपांतील प्ताह, ससाण्याच्या व सिंहिणीच्या मुखांच्या देवता, आणि त्यांच्यापुढें हातीं उपहार घेऊन उभे असलेले राजे दिसतात. जवळजवळ प्रत्येक आकृतीच्या शेजारीं एक उभी चौकट असून तींत चित्रलिपीचीं चिन्हें भरलेलीं आहेत. मिसरी देवळाच्या भिंतीवर जसा लेख असावा तसाच हा देखावा आहे, आणि दुरून पाहणारास तो तसाच वाटावा असा करणाराचा हेतु स्पष्ट आहे.

कारागिरी मात्र अस्सल आणि फार उंच प्रतीची आहे. काशाच्या पत्र्यांत आकृतीच्या आकाराच्या खांचा पाडून त्यांत चांदीच्या पट्ट्या व तारा ठोकून बसविल्या आहेत. कोठें तांबूस धातु आहे, कोठें काळा. ज्यांनीं बिदरची सुरई किंवा पानदान हातांत घेतलें आहे, अथवा जुन्या तलवारीच्या मुठीवरील कोफ्तगिरी न्याहाळली आहे, त्यांस या कामाची कल्पना सहज येईल. फरक एवढाच कीं, बिदरी कामांत जमीन काळी व वेल पांढरी असते. येथें जमीन काशाची, आणि पांढरें व काळें हीं दोन्हीं त्यांत जडविलेलीं आहेत. धातुपरीक्षकांनीं असें दाखविलें आहे कीं, तांब्यांत थोडें सोनें व चांदी मिसळून त्यावर प्रक्रिया केली असतां त्यास गडद काळी कांति चढते, आणि प्राचीन काळीं अशा काळ्या धातूस मोठी किंमत येत असे. मिसरी कारागिरांस ही विद्या रोमच्या उदयापूर्वींच अनेक शतकें अवगत होती.

रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या सृष्टिविषयक कोशाच्या तेहतिसाव्या खंडांत याच जातीच्या दुसऱ्या एका कृतीचें वर्णन केलें आहे. तो सांगतो कीं, मिसरचे लोक आपला अनुबिस देव भांड्यांवर पाहतां यावा म्हणून चांदीस रंग देतात. ते चांदी कोरीत नाहींत, रंगवितात. पुढें तो कृतिहि देतो: चांदी घ्यावी, तिच्या तृतीयांश सायप्रस बेटचें अगदीं पातळ तांबें घ्यावें, चांदीइतकाच गंधक घ्यावा, मातीनें लिंपून बंद केलेल्या मडक्यांत हें सर्व झांकणें आपोआप उघडेपर्यंत तापवावें. चांदीची चमक मारून टाकली म्हणजे तिची किंमत वाढते याचें त्यास नवल वाटतें. प्लिनी इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या स्फोटांत मृत्यु पावला; अर्थात् आमच्या पटाच्या आणि या मजकुराच्या काळांत फारसें अंतर नाहीं. मिसरी देव आणि काळवंडलेली चांदी यांची जोडी त्या वेळीं रोममध्यें सर्वांच्या परिचयाची होती, एवढें त्यावरून निश्चित होतें.

मेज, मंचक व देव्हारे चांदीनें मढविण्याची हौस रोमन लोकांस कशी लागली याची हकीकतहि प्लिनीच देतो. इ. स. पूर्व १८७ मध्यें ग्नेयस मॅन्लियस यानें आशिया प्रांतांतील विजयानंतर काशाचे मंचक व एकपायी मेजें प्रथम रोमला आणलीं. आणि पुढें कार्विलियस पोलियो नांवाच्या गृहस्थानें मंचकांस चांदी जडविण्याचा प्रघात पाडला. आमच्या पटाविषयीं प्रश्न असा आहे कीं, हें खरोखरीच मेज होतें काय? ‘मेज’ हें नांव अर्वाचीन विद्वानांनीं दिलेलें आहे, त्यास प्राचीन आधार नाहीं. कोणी यास वेदीचें झांकण मानतात, कोणी मूर्तीच्या बैठकीचा भाग. आमचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. तिन्हीं पट्ट्यांतील आकृतींचे पाय एकाच दिशेस आहेत. म्हणजे पाहणारा एकाच बाजूस उभा आहे असें गृहीत धरून चित्रांची मांडणी झाली आहे. रोमन भोजनगृहांत मेजाच्या तीन बाजूंस लोक कलते पडत. त्या ठिकाणीं ही मांडणी दोन बाजूंच्या लोकांस आडवी दिसली असती. देवासमोर, भिंतीलगत, पुजाऱ्यापुढें ठेवावयाच्या चौरंगास ती शोभते.

इसिसच्या पूजेंत चांदी किती वाहिली जाई याचें एक उदाहरण येथें देणें अवश्य आहे. स्पेन देशांत प्राचीन आक्कि (हल्लींचें ग्वादिस) येथें फाबिया फाबियाना नांवाच्या स्त्रीनें आपल्या नातीच्या स्मरणार्थ इसिसला जें दान दिलें त्याचा शिलालेख उपलब्ध आहे. त्यांत चांदीचें वजन ११२ रोमन पौंडांहून अधिक दिलें असून, पुढें देवीच्या अलंकारांतील मोत्यें, पाचू व इतर रत्नें हीं मुकुट, कान, गळा, हात, पाय अशा क्रमानें मोजून सांगितलीं आहेत. आमच्याकडील देवस्थानांच्या दागिन्यांच्या याद्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस ही पद्धति अगदीं घरची वाटेल.

परंतु इसिसचा रोममधील संसार सुखाचा नव्हता. इ. स. पूर्व २८ मध्यें, म्हणजे क्लिओपात्राच्या पाडावानंतर लौकरच, नगराच्या पवित्र सीमेच्या आंत मिसरी देवतांची पूजा करण्यास मनाई झाली. इ. स. १९ मध्यें तिबेरियस बादशहानें एका बदफैलीच्या प्रकरणावरून इसिसचें देऊळ पाडविलें, पुजाऱ्यांस सुळीं दिलें व मूर्ति तायबर नदींत फेंकविली, असें जोसीफस लिहितो. आणि त्यानंतर अवघ्या बावन्न वर्षांनीं, इ. स. ७१ मध्यें, यहुदी युद्धांतील विजयोत्सवाच्या आदल्या रात्रीं व्हेस्पेशियन व त्याचा पुत्र तायतस हे इसिसच्या मंदिराजवळच मुक्कामास होते, हेंहि तोच सांगतो. इ. स. ८० च्या आगींत तें मंदिर जळालें आणि डोमिशियननें तें पुन्हां वैभवानें उभारलें. बंदी, विध्वंस आणि राजाश्रय या सर्वांची ही धांवपळ एका शतकांत झाली. आमचा पट याच शतकांतला. तो कोणत्या देवळांत होता हें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. पण ज्या भक्तमंडळींनीं तो घडविला ती गरीब नव्हती आणि लपूनहि बसलेली नव्हती, हें त्याच्याकडे पाहतांच कळतें.

त्या मंडळींस चित्रलिपि वाचतां येत होती काय? दुसऱ्या शतकांतील लेखक अपुलेयस यानें आपल्या कथेच्या अखेरच्या भागांत इसिसदीक्षेचें वर्णन केलें आहे. त्यांत वृद्ध पुजारी गाभाऱ्यांतून कांहीं पोथ्या बाहेर आणतो. त्यांतील अक्षरें अनोळखी आहेत, कांहीं ठिकाणीं प्राण्यांचीं चित्रें आहेत, कांहीं ठिकाणीं गांठींसारखीं वळणें, जेणेंकरून अनधिकाऱ्यास तीं वाचतां येऊं नयेत. पुजारी त्या पाहून विधीस काय काय लागेल तें शिष्यास सांगतो. शिष्य स्वतः पोथी वाचीत नाहीं. तो ती पाहतो, आणि त्याच्या मनावर जो ठसा उमटावयाचा तो उमटतो. आमच्या पटावरील अक्षरांचें काम हेंच होतें. त्यांचा उपयोग वाचनासाठीं नव्हता, दर्शनासाठीं होता.

आतां पटाच्या प्रवासाकडे वळूं. इ. स. १५२७ मध्यें बादशाही फौजेनें रोम लुटलें. त्या लुटींत हा पट एका लोहाराच्या हातीं पडला व त्याजकडून तो कार्डिनल पिएत्रो बेंबो यानें विकत घेतला, अशी परंपरागत कथा आहे. दुसरी एक कथा पोप तिसरा पॉल यानें तो बेंबोस दिला असें सांगते. पहिल्या कथेविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: बेंबो कार्डिनल झाला इ. स. १५३९ मध्यें. खरेदी १५२७ च्या सुमारास झाली असेल तर घेणारा अद्याप कार्डिनल नव्हता; पुढील पदवी मागील काळास चिकटविण्याची ही चूक आमच्या बखरींतूनहि पदोपदीं आढळते, आणि तेवढ्यावरून सबंध कथा टाकून देण्याचें कारण नाहीं. बेंबो १५४७ मध्यें वारला. त्याचा पुत्र तोर्क्वातो याजकडे पट असतां एनेआ विको या कोरीवकारानें त्याचें मूळच्याच मापाचें चित्र ताम्रपत्र्यांवर कोरून इ. स. १५५९ मध्यें प्रसिद्ध केलें. या एका गोष्टीनें पटाचें भवितव्य ठरलें. मूळ वस्तु एका घरीं, पण तिची छापील नक्कल यूरोपभर. आणि पुढील वादांत बहुतेकांच्या पुढें होती ती नक्कल. काशावर कोठें चांदी आहे, कोठें काळा धातु, जडाव कोणत्या प्रकारचा, यांपैकीं कांहींच छापील रेघेंत उतरत नाहीं. उरतात त्या आकृति आणि अक्षरें. म्हणजे कारागिराचें जें श्रेष्ठ काम तें वाचकांच्या दृष्टीआड झालें, आणि त्यास जें येत नव्हतें तें ठळकपणें पुढें आलें.

बेंबो घराण्याकडून पट मांतुआच्या गोंझागा ड्यूकांकडे गेला. इ. स. १६३० मध्यें मांतुआ शहर लुटलें गेलें, आणि त्या सुमारासच तो सॅव्हॉय घराण्याच्या संग्रहांत तुरिन येथें आलेला दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनीं तो पॅरिसला नेला. नेपोलियनच्या पतनानंतर तो परत तुरिनास आला. इ. स. १८२४ मध्यें तेथें द्रोवेत्तीचा प्रचंड मिसरी संग्रह विकत घेऊन हल्लींचें संग्रहालय स्थापन झालें. दोनशें वर्षें एकटाच मिरविणारा हा पट त्या खऱ्याखुऱ्या मिसरी लेखांच्या गर्दींत एकदम पाहुणा ठरला.

आतां वाचकांची परंपरा. ती समजण्यास एका हस्तलिखिताची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. इ. स. १४१९ मध्यें क्रिस्तोफोरो बुओंदेल्मोंती नांवाच्या फ्लॉरेन्सच्या प्रवाशास आंद्रोस बेटावर होरापोलो या नांवाची एक ग्रीक पोथी मिळाली. मिसरी चित्रलिपींतील चिन्हांचे अर्थ त्यांत दिले होते, परंतु ते सारे रूपकात्मक: अमुक पक्षी म्हणजे अमुक भाव, अमुक प्राणी म्हणजे अमुक तत्त्व. इ. स. १५०५ मध्यें व्हेनिस येथें आल्दुसनें ती छापली. यामुळें चित्रलिपि म्हणजे ध्वनि लिहिण्याचें साधन नसून ज्ञान झांकण्याचें साधन आहे, ही समजूत विद्वानांत रूढ झाली. पोथी अस्सल होती, जुनीहि होती. मात्र ती लिहिली गेली तेव्हां चित्रलिपीचें प्रत्यक्ष ज्ञान लोपत चाललें होतें. जुनी पोथी म्हणजे विश्वसनीय पोथी, असें समीकरण मांडणाऱ्या आमच्या संग्राहकमित्रांनीं हें उदाहरण अवश्य लक्षांत ठेवावें.

अशा वातावरणांत पादुआचा लोरेन्झो पिग्नोरिया यानें इ. स. १६०५ मध्यें या पटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याची वृत्ति आम्हांस फार आवडते. त्यानें आरंभींच सांगून टाकलें कीं, तत्त्वज्ञानी लोकांप्रमाणें रूपकें रचण्याचा आपला विचार नाहीं. मग त्यानें एकेक आकृति घेतली, प्राचीन ग्रंथकारांचीं वचनें तिच्याशेजारीं मांडलीं, नाणीं, रत्नमुद्रा व लहान मूर्ति यांच्याशीं तिची तुलना केली. जेथें ओळख पटली तेथें सांगितलें, जेथें पटली नाहीं तेथें तें कबूल केलें. त्याच्या कित्येक ओळखी पुढें चुकीच्या ठरल्या, यांत नवल नाहीं. पण त्यानें दिलेलें उत्तर चुकलें तरी त्याचा मार्ग चुकला नाहीं. याच पिग्नोरियानें इ. स. १६१५ मध्यें कार्तारीच्या देवताचित्रग्रंथास पूर्व व पश्चिम ‘इंडियां’तील देवांविषयीं एक परिशिष्ट जोडलें, हें येथें नमूद करून ठेवतों; आपल्या व दूरदेशींच्या देवतांच्या प्रतिमा शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याच्या यूरोपीय प्रयत्नांत तें फार आरंभींचें आहे.

पिग्नोरियाचा संयम फार थोड्यांनीं उचलला. बव्हेरियाचा मुत्सद्दी हेरवार्त यास या साऱ्या देवतांत लोहचुंबक व होकायंत्र यांचें रहस्य दडलेलें दिसलें. त्याचें मत आम्ही येथें केवळ नोंदीपुरतें देतों.

अथानासियस किर्खर याची गोष्ट निराळी आहे. हा जर्मन जेसुइट रोममध्यें राहिला, त्याचें वाचन अफाट, उद्योग राक्षसी. इ. स. १६५२ पासून छापून निघालेल्या त्याच्या ‘मिसरी ईडिपस’ या अनेक खंडी ग्रंथांत या पटाचें विस्तृत विवरण आहे. मधली देवी त्यानें विश्वाच्या मूलशक्तीचें प्रतीक ठरविली. भोंवतींच्या आकृतींच्या त्रयी कल्पिल्या. खाल्डी देववाणी, नवप्लेटोमताचे ग्रंथ, हर्मीसच्या नांवावरील संवाद, सर्व या एका पटांत बसविलें. हर्मीसचे हे संवाद प्राचीन मिसरी नसून ख्रिस्ती शकांतील आहेत, हें आयझॅक काझोबोन यानें इ. स. १६१४ मध्येंच भाषेच्या पुराव्यानें दाखविलें होतें. किर्खरनें तें जुमानलें नाहीं. त्याच्या विवरणांत गोंधळ नाहीं, विसंगति जवळजवळ नाहीं. प्रत्येक आकृतीस जागा आहे आणि प्रत्येक जागेस कारण आहे. असें असून त्यांतील एकहि अक्षर पटावर लिहिलेलें नव्हतें. सुसंगति म्हणजे प्रमाण नव्हे, याचा याहून मोठा नमुना आमच्या पाहण्यांत नाहीं.

तथापि किर्खरची थट्टा करून मोकळे होणें अन्यायाचें होईल. कॉप्टिक भाषा ही प्राचीन मिसरी भाषेची वंशज आहे हें त्यानें आग्रहानें प्रतिपादिलें, आणि १६४३ मध्यें तिचें व्याकरण व कोश छापून अभ्यासकांच्या हातीं दिला. पुढें ज्या किल्लीनें शांपोलियाँनें कुलूप उघडलें तिच्यांत या लोखंडाचा अंश आहे. आम्हां नागरी लिपींत लिहिणारांवर तर त्याचें आणखी एक ऋण आहे. इ. स. १६६७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चीनविषयक ग्रंथांत हाइन्रिख रोथ या पाद्र्यानें काढून दिलेले नागरी वर्णमालेचे तक्ते ताम्रपत्र्यांवर कोरून छापले आहेत. यूरोपांत छापून निघालेल्या नागरी अक्षरांचा तो आद्य नमुना होय. ज्या लिपीचा जाणता मनुष्य जवळ होता ती त्यानें बरोबर दिली. ज्या लिपीचा जाणता जगांत कोणीच नव्हता ती त्यानें कल्पनेनें वाचली.

अठराव्या शतकांत संशय बळावला. इंग्लंडमध्यें वॉर्बर्टन यानें हा पट जुन्या मिसरचा नसून रोममधील इसिसभक्तांसाठीं केलेला असावा असें मत दिलें. चित्रलिपि वाचतां येत नसतांहि तो या निर्णयास पोंचला, हें त्याच्या तर्कशक्तीस भूषणावह आहे. याब्लोन्स्की यानें त्यांत उत्सवांचें पंचांग पाहिलें. पॅरिसमध्यें लनुआर यानें १८०९ मध्यें नवें विवरण छापलें. आणि इ. स. १८२२ मध्यें शांपोलियाँनें चित्रलिपींतील राजांचीं नांवें वाचून दाखविलीं, तेव्हां या सर्व वादाचा पाया एकदम सरकला. आतां पटावरील चौकटी कोणासहि तपासतां येण्यासारख्या झाल्या. आणि तपासतां असें दिसलें कीं, चिन्हें बहुतेक ओळखूं येतात, कांहीं बिघडलेलीं आहेत, पण त्यांच्या जुळणींतून शब्द होत नाहींत. यानंतरहि गूढविद्येच्या पंथांनीं पट सोडला नाहीं. लंडनच्या वेस्टकॉट यानें १८८७ मध्यें त्यावर पुस्तक काढलें, आणि पत्ते पाहून भविष्य सांगणारे आपल्या पत्त्यांचें मूळ यांत शोधूं लागले. पटाचा काळजीपूर्वक शास्त्रीय अभ्यास एन्रिका लेओस्पो यांनीं १९७८ मध्यें प्रसिद्ध केला.

मग हा पट बनावट म्हणावयाचा काय? कित्येकांनीं तसें म्हटलें आहे, आणि आम्हांस तें मान्य नाहीं. बनावट लेख म्हणजे कोणास तरी फसवून हक्क, वतन वा पैका मिळविण्यासाठीं केलेला लेख. येथें कोणी कोणास फसविलें नाहीं. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें इ. स. १९०६ मध्यें क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा सांठा सांपडला. त्या नाण्यांवर ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिपि आहेत. ग्रीक अक्षरांत राजाचेंच नांव व पदवी उतरविलेली आहे. कांहीं ठशांवर ती स्वच्छ वाचतां येते, कांहींवर ठसेकारानें ती बिघडविली आहे. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ग्रीक अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या. तरी त्या काढण्याचें कोणी सोडलें नाहीं, कारण तशा रेघा असल्या म्हणजे नाणें नाण्यासारखें दिसे. त्या नाण्यांस कोणी खोटीं म्हणत नाहीं. टांकसाळ खरी, चांदी खरी, राजा खरा; अक्षरें तेवढीं शोभेचीं. आमच्या पटाचा न्याय हाच आहे, आणि तोहि जवळपास त्याच काळचा.

येथें एक मोह टाळला पाहिजे, तो आमच्याच घरचा आहे. मिसरमध्यें ऑक्सिरिन्कस येथें सांपडलेल्या व १९१५ मध्यें छापलेल्या एका ग्रीक पपायरसावर इसिसचें नामस्तोत्र आहे. कोणत्या गांवीं व कोणत्या देशीं देवीस काय म्हणतात याची ती लांब माळ आहे, आणि तींत भारतीयांमध्यें तिचें नांव ‘माइआ’ असल्याचें लिहिलें आहे. आमच्या वाचकांच्या मनांत ‘माया’ हा शब्द तत्क्षणीं उभा राहील; आमच्याहि मनांत राहिला. परंतु माइआ हें हर्मीसच्या मातेचें अस्सल ग्रीक नांवहि आहे. समुद्रमार्गें भारताशीं व्यापार करणाऱ्या एखाद्या नाविकाकडून कांहीं खरें ऐकून तो शब्द लिहिला गेला, कीं स्तोत्रकारानें आपल्याच पदरचें एक नांव दूरच्या देशास देऊन टाकलें, हें त्या एका शब्दावरून ठरत नाहीं. त्यावर वेदान्ताची इमारत उभारणें म्हणजे किर्खरच्या शेजारीं घर बांधणें होय.

पटाचा खरा साक्षीभाव निराळ्या गोष्टींत आहे. त्याच्या कारागिरास लिपि येत नव्हती, पण देव येत होते. इसिसचें आसन, थोथचें मुख, प्ताहचें गुंडाळलेलें शरीर, राजांची उभे राहण्याची ढब, हीं त्यानें खऱ्या मिसरी नमुन्यांवरून घेतलीं आहेत. तसे नमुने पुढें ठेवल्याखेरीज हीं उतरतीं ना. अर्थात् इटलींतील इसिसभक्तांच्या संग्रहीं मिसरी मूर्ति, चित्रें किंवा नक्षीच्या वह्या असल्या पाहिजेत. आकृति नकलतां नकलतां बहुतांशीं शुद्ध राहिल्या आणि अक्षरें नकलतां नकलतां मेलीं, यावरून त्या भक्तांस कशाची चाड होती तें उघड होतें. इ. स. १९५४ मध्यें स्ताबिया येथील एका वाड्यांत काळ्या ज्वालामुखी कांचेचे पेले सांपडले; त्यांवर सोनें व रंगीत खडे जडवून मिसरी देवपूजेचे देखावे केलेले आहेत. काळ्या भुईवर उजळ जडाव, मिसरी देव, रोमन धनी, हा तोच संप्रदाय. फक्त तो तेथें भोजनगृहापर्यंत आलेला आहे.

अखेरीस एका यादीचा उल्लेख करतों. रोमच्या दक्षिणेस नेमी येथें सांपडलेल्या एका शिलालेखांत इसिस व बुबास्तिस या दोन देवतांच्या देवळांस सुपूर्द केलेल्या वस्तूंची कलमवार नोंद आहे. मूर्ति १७, सूर्याचें मुख १, चांदीच्या प्रतिमा ४, काशाच्या वेदी २, काशाचें तिपायी मेज, तर्पणाचें चांदीचें पात्र व ताटली, रत्नखचित मुकुट १, सोन्याचा मुलामा दिलेलें चांदीचें सिस्त्रम वाद्य, पुढें हार, कर्णभूषणें, चांदीचे तुकडे लावलेला कमरपट्टा, तागाचीं वस्त्रें, बुबास्तिसचीं रेशमी वस्त्रें. नग किती, धातु कोणता, खडे किती, हें सर्व तींत आहे. कोणत्या वस्तूवर काय लिहिलें आहे, याची नोंद एकाहि कलमांत नाहीं.